येत आहेत

दुकान बंद केल्यापासून घड्याळजी काकांच्या सोबतीला भिंतीवरची घड्याळं तेवढी उरली होती. म्हणून भाचीने त्यांना मोबाइलवर समुपदेशन लावून दिलं, दर बुधवारी चार वाजता. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चारच्या ठोक्याला फोनसमोर बसत. पडद्यावर अक्षरं उमटत, 'कृपया थांबा, समुपदेशक येत आहेत.' मॅडम हमखास वीस मिनिटं उशिरा येत. पण एकेका सेकंदासाठी जन्मभर डोळे फोडलेल्या या माणसाने कधी कुरकुर केली नाही. उलट तेवढ्यात ते टेबल पुसून घेत, कॉलर नीट करत.

मग बाकीच्यांनी तक्रारी केल्या आणि कंपनीने कारभार सुधारला. आता बटण दाबलं की मॅडम समोर हजर. दोनच बुधवार गेले आणि काकांनी नाव काढून घेतलं.

कंपनीतल्या मुलीने फोन केला. "काका, आता तर क्षणभरही थांबावं लागत नाही. मॅडमचं काही चुकलं का?"

"छे गं, मॅडम फार चांगल्या आहेत." काकांनी बंद दाराकडे पाहिलं.



"पण पूर्वी वीस मिनिटं का होईना, कोणीतरी माझ्याकडे यायला निघालेलं असायचं."