अकरा महिने कुणाचे

"ज्याचं लिव्हर खराब निघेल त्यानं इथंच मिशी उतरवायची!" रोज दारू घेणाऱ्या तोडणकरने शेजारच्या निर्व्यसनी ठोंबरे गुरुजींना मेडिकलसमोर डिवचलं.

"लाव पैज," गुरुजी हसले.

मेडिकलमधलं मशीन रक्ताच्या थेंबातली जनुकं वाचून लिव्हरचा कॅन्सर आहे का, औषधाला दाद देईल का, सगळं सांगायचं. गुरुजी चष्मा पुसत होते तेवढ्यात तोडणकरने दोघांच्या रक्ताच्या नळ्यांवरची नावं बदलली. गुरुजींचं तोंड बघायचं होतं, बास.

"ठोंबरे," मशीन बोललं. "कॅन्सर आहे. औषध चालणार नाही. अंदाजे अकरा महिने."

सोबत आलेल्या ठोंबरे काकू मटकन खाली बसल्या. तोडणकरने नजर फिरवली. खरं बोललं की ते महिने आपले होणार.

"वस्तरा आणा," गुरुजी म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

शेजारच्या सलूनमधल्या न्हाव्याने गुरुजींना खुर्चीत बसवून मिशीला साबण लावला, तेव्हा कुठे तोडणकरने त्याचा हात धरला.

"गुरुजी, नळ्या मी बदलल्या. महिने माझे आहेत."

काकूंनी उठून तोडणकरच्या थोबाडीत दिली आणि स्वतःच रडायला लागल्या.

तोडणकर मान खाली घालून खुर्चीत बसला. गुरुजींनी वस्तरा स्वतः घेतला.

"हलू नकोस रे," ते म्हणाले. आणि चष्मा काढून पुन्हा पुसला.