पहिला भात

मेंढरं राखणाऱ्या घरातला बिरप्पा वळसंगहून सोलापुरात मॅट्रिकला आला. वर्षभर चहा सोडला, तेव्हा कुठं खानावळीत रविवारच्या मेजवानीला बसता आलं. पाटावर बसताच पानात वाफाळता भात पडला, वर वरण, तुपाची धार. गावी भात लग्नातच दिसायचा. हीच मेजवानी समजून सकाळपासून उपाशी बिरप्पानं तीनदा मागून खाल्ला. शेजारचे चार घास खाऊन कशाची वाट पाहताहेत, कळेना. तेवढ्यात पुऱ्या आल्या, बासुंदी आली. "घे की, लाजतोस काय?" म्हणत वाढप्यानं वाटी काठोकाठ भरली. पहिलाच घोट गळ्याशी अडला. पोटात तीळभरही जागा नव्हती. पंगत उठली, वाटी भरलेलीच राहिली. सुट्टीत आईनं विचारलं, "मेजवानीला काय हुतं रं?" त्याला वाटी आठवली. "भात," तो म्हणाला. आई हरखून शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का गं, पोरगं पोटभर भात जेवलं!"