टकरीनंतर

सांगलीच्या ईदगाहसमोरच्या गच्चीवर मेहरुनबीनं सुट्टीवर आलेल्या लेकीला, रुमानाला विचारलं, “तू त्या परदेशातल्या लॅबमधी करतीस तरी काय?”

“आम्ही शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आदळवतो, अम्मी. त्यातून हजारो कण उधळतात. त्यातले कुठले दोन वारंवार एकमेकांच्या जवळून बाहेर पडतात ते बघायचं. त्यावरून त्यांना एकमेकांची ओढ आहे का, ते कळतं.”

समोर ईदची नमाज संपली, गर्दी बाहेर लोटली. वाटणीपासून अबोला धरलेले अब्बा आणि चाचा एकमेकांकडे न बघता, पण अगदी शेजारशेजारून बाहेर पडले.

“दर ईदला आसंच,” अम्मी म्हणाली.

“योगायोग असेल,” रुमाना सवयीनं म्हणाली.

“आगं, तुजा चाचा कवाच मिरजंला ऱ्हायला गेलाय. तितं ईदगाह न्हाई व्हय?”