नावाची चरवी

"ताई, तुमची चरवी. करमाळ्याच्या गाडीत राहिली होती," कंडक्टर दारातून म्हणाला. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून त्याच्या बायकोनं आत ओंजळभर शेंगा घातल्या होत्या. शिवलीलानं दात आवळून आभार मानले.

पितळेची जुनी चरवी. काठावर कोरलेलं: सिद्धम्मा चनमल्लप्पा, बाळीवेस, सोलापूर. सिद्धम्मा म्हणजे शिवलीलाची सासू. रोज पहाटे चरवीच्या तळाशी थोडं काळं पाणी साचायचं आणि तेवढीच सासूची नजर उणी व्हायची. पुसून ठेवा, उपडी ठेवा, फडक्यात बांधा, पाणी साचायचंच. डोळ्यांत काही दोष नाही, असं डॉक्टर दर वेळी सांगायचे. आता म्हातारीला समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा.

शिवलीलानं चरवी भट्टीत घालून पाहिली. ती लख्ख होऊन बाहेर आली. तलावात फेकली, तर एका कोळ्यानं आणून दिली, लिंगायताच्या घरी, आत दोन मासे घालून. मोहोळच्या बाजारात सोडली, तर भाजीवाली वांग्यांसकट दारात हजर. जगात इतकी प्रामाणिक माणसं आहेत हे शिवलीलाला ठाऊक नव्हतं, आणि आता त्यांचा तिला वीट आला होता.

शेंगा ओतून घेताना तिची नजर काठावरच्या अक्षरांवर थांबली. चरवीला घरी आणत होतं ते हे नाव! ती तडक बसवराजच्या भांड्यांच्या दुकानात गेली. नाव घासून काढायला लावलं, चरवी मोडीत दिली आणि सुटल्यासारखी घरी आली. परक्यांच्या घरी चरवीनं आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. मनाला टोचणीही नव्हती.

संध्याकाळी सिद्धम्मा कोनाडा चाचपत होती. "चरवी कुटं हाय गं?"

"गेली, अत्ते. या वेळी नाव घासूनच दिली. आता नाही यायची."

"अय्यो शिवने! नाव होतं म्हणून ती माझेच डोळे खात होती की. बिननावाची झाली की असंल त्या घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू धरती. तुझा नवरा पाळण्यात होता, तवा मी माझं नाव घातलं."

"मग इतके दिवस बोलला नाहीत का?"

"तू इचारलंस कुटं? नुसती फेकत सुटलीस."

शिवलीला अनवाणीच धावली.

"चरवी होय? घाट लई छान होता," बसवराज म्हणाला. "नातीच्या दुधाला घरी पाठवली."

"आत्ताच्या आत्ता मागवा."

"अक्का, सकाळी तर नको नको झाली होती की!"

"मागवा म्हणते ना!"

चरवी येईपर्यंत ती दुकानातून हलली नाही. आली तेव्हा आत बोट फिरवून पाहिलं. तळ कोरडा होता. मग तिनं ती बसवराजपुढे ठेवली. "नाव घाला."

बसवराजनं कपाळावर हात मारला आणि मशीन सुरू केलं. "तेच ना? सिद्धम्मा?"

शिवलीलानं समोरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून नीट वाचून घेतल्या.

"शिवलीला," ती म्हणाली. "आणि खाली मोबाईल नंबर टाका. हरवली तर परत आली पाहिजे."