तोंडाकडून ओढा
"शेपटेक दोर नको, मरतली ती!" कमरेएवढ्या पाण्यात उतरून शेवंती ओरडली.

रापणीच्या जाळ्यात सकाळी होडीएवढी मुशी, म्हणजे शार्क, आली होती. जाळं कापून झालं, तरी दमलेली मुशी हलेना. थांबली की मुशी बुडते, तशी ती तळाशी बसत चालली होती. तिला खोल पाण्यात ओढायचं ठरवून होडीचे तांडेल आबा यांनी तिच्या शेपटीला दोर बांधलाही होता.

"शाळा सोडलंस, नि आमका शिकवतंस?" आबा म्हणाले. सगळे खदखदून हसले.

शेवंतीचं डोकं सटकलं. "गेल्या वर्साची इसारलास? शेपटेन ओढलास, नि दुसऱ्या दिवशी मेलेली किनाऱ्याक लागली! पाणी तोंडातसून आत जाऊन कल्ल्यांतसून भायर गेला, तरच तिका श्वास मिळता. उलटी ओढलास तर गुदमारतली."

हसू थांबलं. आबांनी शेपटीचा दोर सोडवला, पुढच्या परांमागे बांधला आणि होडीतल्यांना वल्ही मारायला सांगितली.

शेवंती बाजूनं पोहत राहिली. कल्ल्याची एक फट उघडली. मग पाचही.

"चेडवा, आता सोडू मां?" आबांनी विचारलं. सगळी होडी तिच्या तोंडाकडे बघत होती.

मुशीची शेपटी आपणहून हलेपर्यंत शेवंतीनं त्यांना थांबवलं. मग मान डोलावली.