दाखल होताना

“डॉक्टरला विचारत बसू नकोस, बर्नी. जखम म्हातारी घरूनच घेऊन आली असणार. लिही ‘हो’ आणि पुढचा कागद घे.”

अकरा वर्षं झाली, तरी साहेबांचा तो आवाज बर्नाडीनच्या कानातून गेला नव्हता. आवाज तेवढा राहिला. कागद कुणाचा होता, ते काही केल्या आठवत नव्हतं. तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात बसून तिने हेच काम केलं. पेशंटची फाईल वाचायची, प्रत्येक दुखण्याला त्याचा कोड द्यायचा, आणि त्यापुढे लिहायचं, हे दुखणं दाखल होताना होतं का? हो की नाही. इस्पितळात झालेल्या जखमेचे पैसे विम्यातून मिळत नसत, म्हणून साहेबांना ‘हो’ फार आवडायचं.

आता ती निवृत्त झाली होती. ईरी सरोवरावरचा वारा दिवसभर स्वयंपाकघराच्या काचा वाजवायचा. मंगळवारी आणि गुरुवारी, शाळेतल्या पोरांची जेवणं आटोपली, की कोरीन यायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. चाळिशी गाठलेली, अबोल. कोडिंगची, म्हणजे याच कामाची, परीक्षा देऊन भांड्यांतून सुटायचं, असं ती म्हणाली होती.

सप्टेंबरात तिचा फोन आला, तेव्हा म्हणाली, एका जुन्या कागदावर तुमचं नाव सापडलं. शिकवणीची चिठ्ठी बर्नाडीनने चर्चच्या फळ्यावरून कधीच काढली होती. राहिली असेल एखादी कुठेतरी, असं तिला वाटलं.

फीचं नाव तिने काढू दिलं नाही. तू पास हो म्हणजे झालं, म्हणाली. आपल्या हाताखालून एक तरी माणूस असं तयार व्हावं, जे वरच्याचं न ऐकता डॉक्टरला विचारील. मग तो आवाज थांबेल, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती. म्हणून या पोरीचा निकाल तिला स्वतःचाच वाटत होता.

कोरीनचं घर तिला तुकड्यातुकड्याने कळलं. आईला तिने चार वर्षं एकटीने सांभाळलं. तिला न्हाऊमाखू घातलं, कुशीवर वळवलं, रोज संध्याकाळी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळले. आई गेली ती इस्पितळात. दफनाच्या दिवशी मॉरीन, तिची थोरली बहीण, इस्पितळाचा कागद हातात धरून चारचौघांत म्हणाली, आईला तू सडवलंस. त्या दिवसापासून मॉरीनने उंबरा ओलांडला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोरीन एकटीचंच ताट मांडायची.

हे ऐकून बर्नाडीनने तिच्या कपात कॉफी ओतली होती.

नाताळात कोरीनने तिला लोकरीचे हिरवे मोजे विणून दिले. “पाय गार पडतात तुमचे, मिसेस वोयचिक.” बर्नाडीनने ते हिवाळाभर पायांतून काढले नाहीत.

तक्रार एकच होती. परीक्षेला आपलं पुस्तक न्यायची मुभा असते, त्यामुळे मुलं पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावतात, समासात लिहून ठेवतात. कोरीनच्या पुस्तकातलं शेवटचं एक प्रकरण तेवढं हाताळून मऊ झालं होतं, दाखल होतानाच्या नियमांचं. बाकीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

“बाकीचं काय दुकानात परत करणार आहेस?” बर्नाडीनने तिला टोमणा मारला.

कोरीन हसली. “जे अवघड जातं, तेच वाचते.”

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारच्या शेवटच्या शिकवणीला कोरीन सरावासाठी म्हणून एक फाईल घेऊन आली. नावं काळ्या शाईने झाकलेली. हे एक तुम्हीच सोडवून दाखवा, म्हणाली.

बर्नाडीनने चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. बाई, वय एक्याऐंशी, न्यूमोनिया. दाखल करताना नर्सने लिहिलेलं: पायांतले हिरवे लोकरीचे मोजे काढले, दोन्ही टाचा मऊ, कातडी अखंड. सहाव्या दिवशी: डाव्या टाचेला काळी जखम. डॉक्टरने घरी सोडताना... बर्नाडीन थबकली. घरी सोडलंच नव्हतं, बाई तिथेच गेली होती. शेवटच्या पानावर डॉक्टरने नुसतं ‘टाचेची जखम’ एवढंच लिहिलं होतं.

“डॉक्टरला विचारायचं,” ती म्हणाली, “पण उत्तर एकच येणार. नाही. ही जखम घरून आलेली नाही. घरी कुणीतरी या टाचा फुलासारख्या जपल्यात.”

“पक्कं?”

“आण इकडे. लिहून सही करून देते.”

तिने समासात ठसठशीत ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली. कोरीनने शाईवर फुंकर घातली. मग पिशवीतून त्याच फाईलचं आणखी एक पान काढून शेजारी ठेवलं. त्यावरची नावं झाकलेली नव्हती. टाचेच्या जखमेपुढे ‘हो’ होतं, आणि खाली तीच सही, अकरा वर्षांपूर्वीची.

पेशंटचं नाव बर्नाडीनने वाचलं. कोरीनचंच आडनाव. मग तिची नजर टेबलाखाली स्वतःच्या पायांतल्या मोज्यांकडे गेली, आणि तिथेच राहिली.

दोन्ही पानं कोरीनने नीट घडी करून पाकिटात घातली. पाकिटावर मॉरीनचा पत्ता आधीच लिहिलेला होता. ती उठली, कोट चढवला. पुस्तक टेबलावरच राहिलं.

“पुस्तक...” बर्नाडीनने ते पुढे सरकवलं. “शनिवारी लागेल तुला.”

कोरीनने दाराची कडी काढली.

“परीक्षेचा फॉर्म मी भरलाच नव्हता, मिसेस वोयचिक.”