तालमीतला विरोधक

भावोजी उठून उभे राहिले तेव्हा वहिनी कागद आवरायला लागल्या होत्या.

सभा जवळजवळ जिंकलेली होती. शहराबाहेर अणुवीज केंद्र बंद पडून होतं. त्याच्या मोकळ्या जागेत नव्या पद्धतीच्या अणुभट्टीसाठी संशोधनशाळा व्हावी, म्हणून वहिनींची छोटीशी धर्मादाय संस्था सहा वर्षं दारोदार फिरत होती. आज रहिवाशांनी हात वर करून हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. नाही म्हणाले, तर शास्त्रज्ञ दुसरीकडे जाणार आणि संस्थेला टाळं लागणार. पण लोकांनी विचारलं काय, तर ट्रक कुठून जाणार आणि गाड्या कुठे लावायच्या! वहिनींनी नुकतंच हुश्श केलं होतं.

भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. जुन्या केंद्रात तीस वर्षं वेल्डर. प्रत्येक सभेआधी वहिनींच्या स्वयंपाकघरात तालीम व्हायची आणि तालमीत विरोधकाचं काम भावोजींकडे असायचं. ते असे काही कडाडायचे, की वहिनी म्हणायच्या, "तुम्ही नाटकातच जायचं होतंत." सभेत मात्र ते मागच्या रांगेत मूग गिळून बसायचे.

एक प्रश्न ते दर तालमीत विचारायचे. वहिनी तो हसण्यावारी न्यायच्या. "असलं कोणी विचारत नाही हो!"

आज त्यांनी तोच विचारला. भरसभेत, माईक हातात घेऊन.

"केंद्र बंद होऊन अकरा वर्षं झाली. वापरलेलं इंधन अजून कुंपणाआड पडून आहे. नेतो म्हणाले होते, नेलं नाही. तुमचं नवं काम सुरू झाल्यावर त्याचं काय होणार?"

वहिनींना सणसणीत राग आला. घरचाच माणूस ऐन वेळी पाय ओढतोय! छापील पत्रकात याचं गुळगुळीत उत्तर होतं. त्यांनी पत्रक उचललं. पण त्या इंधनाच्या शेजारी तीस वर्षं राबलेल्या माणसाला ते वाचून दाखवायची त्यांना लाज वाटली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नवी भट्टी त्यातलं थोडं वापरू शकेल, असं शास्त्रज्ञांना वाटतं. किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. तेच शोधायला ही जागा मागतोय. नाही जमलं, तर इथे येऊन मी तसं सांगेन."

कुजबुज वाढली. काही जण उठून गेले. मग हात मोजले गेले आणि ठराव जेमतेम चार मतांनी पास झाला. बाजूने वर गेलेल्या हातांत भावोजींचाही होता.

वहिनी तरातरा मागच्या रांगेपाशी गेल्या. "अहो, तालमीतलं इथे कशाला काढलंत? हातचं सगळं गेलं असतं!"

"घरी विचारून उत्तर मिळेना," भावोजी म्हणाले. "तालीम तुमची चालायची, वहिनी. मी सहा वर्षं खरंच विरोधात होतो."